टक्के कमी, स्कोअर चांगला : आता पुढे काय?

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधु-भगिनींनो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



निकालाचे दिवस आले की आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर गर्दी होते. काही पालक पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, काही नुसतेच मान खाली घालून बसतात. गेल्या काही वर्षांत मात्र तिसऱ्या प्रकारचे पालक वाढले आहेत. त्यांच्या एका हातात बारावीची अंकसूची असते आणि दुसऱ्या हातात प्रवेश परीक्षेचे स्कोअरकार्ड. एका कागदावर बासष्ट-पासष्ट टक्के आणि दुसऱ्यावर असा आकडा की वर्गातल्या पहिल्या पाचांनाही मिळालेला नाही. मग प्रश्न येतो, "सर, यातले खरे काय मानायचे?"

या वेळच्या मनोगतात आम्ही याच प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. सल्ला देण्याआधी आमची स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे, कारण ती झाकून ठेवली तर सल्ल्याला काही अर्थ उरणार नाही.

सर्वप्रथम शिक्षकांच्या खोलीत आणि घरीही ऐकू येणारा एक शब्द बाजूला ठेवू. तो शब्द म्हणजे "तुक्का". वर्षभर वर्गात मागे बसणाऱ्या मुलाला चांगला स्कोअर आला की आपण सहज म्हणतो, "गोळे काळे करून आला, तुक्का लागला." जरा हिशेब करून पाहू. नीटच्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीच्या उत्तराला १ कापला जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडत गेले तर सरासरीने चारांतले एक बरोबर येईल. म्हणजे दर चार प्रश्नांमागे ४ मिळाले आणि ३ गेले, हाती राहिला १. १८० प्रश्नांचे होतात ४५ गुण. ७२० पैकी ४५! तुक्क्याची धाव एवढीच. ज्या मुलाला ५०० मिळाले त्याने ते अभ्यासाने मिळवले आहेत, तो अभ्यास आपल्या नजरेस पडला नाही इतकेच.

मग बोर्डात कमी का? कारणे अनेक असतात. कोणी फेब्रुवारीत आजारी पडतो, कोणाच्या घरात त्याच महिन्यात काही अघटित घडते. कोणाला उत्तर येते पण पायऱ्या लिहायचा कंटाळा असतो, आणि बोर्डाचा परीक्षक तर पायऱ्यांचेच गुण देतो. पण आपल्या शाळेत जे कारण आम्हाला वारंवार दिसते ते भाषेचे आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, दहावीपर्यंत हिंदीतून शिकतात आणि अकरावीत बऱ्याच जणांना इंग्रजी माध्यम घ्यावेसे वाटते. विषय डोक्यात असतो, पण तीन तास इंग्रजीत वाक्ये रचताना हात अडतो. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायला वाक्य रचावे लागत नाही. तिथे तेच मूल पुढे जाते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केली. "अपवर्तन" आणि "संवेग" हे शब्द आम्हाला आजही आधी हिंदीत आठवतात. (आमच्या मराठीतही हिंदी डोकावत असेल, चूकभूल द्यावी घ्यावी.) पुढे इंग्रजीतली पुस्तके वाचायची वेळ आली तेव्हा येत असलेली गोष्ट येत नाही असे वाटण्याचा अपमान आम्ही पुरेपूर भोगला आहे. म्हणून अशा मुलाला कोणी ढ म्हटले की आम्हाला ते लागते.

आता दुसरी बाजू. कमी टक्के आणि चांगला स्कोअर असणाऱ्या मुलाला "काही चिंता नाही, बोर्डाचे गुण आता कोण विचारतो?" असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. अशा सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. ती चूक आता सांगतो.

कोरोनाच्या काळात, म्हणजे २०२०, २०२१ आणि २०२२ या तीन वर्षी, एनआयटी आणि आयआयटीच्या प्रवेशासाठी असलेली बारावीत ७५ टक्क्यांची अट शिथिल केली होती. बारावी उत्तीर्ण आणि जेईईचा क्रमांक, एवढे पुरत असे. २०२२ च्या पालक सभेत आम्ही या भरवशावर मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो होतो की मुलांवर बोर्डाच्या टक्क्यांचे ओझे टाकू नका. डिसेंबर २०२२ मध्ये पुढच्या वर्षीच्या जेईईची माहिती पुस्तिका आली आणि ७५ टक्क्यांची अट परत आली. अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के. काही दिवसांनी जानेवारीत त्यात "किंवा आपल्या बोर्डातील वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये" हा पर्यायही जोडला गेला. बोर्डाच्या परीक्षेला तेव्हा दोन-अडीच महिने बाकी होते. ही सूचना शाळेच्या फळ्यावर लिहायला हवी होती. आम्ही ती लिहिली नाही. वार्षिक स्नेहसंमेलनाची गडबड होती, हे कारण झाले. माफी त्याने होत नाही.

त्या वर्षी आपला एक विद्यार्थी जेईईत उत्तम आला. एनआयटीत हव्या त्या शाखेत सहज बसेल असा क्रमांक. त्याचे बोर्डाचे गुण असे : भौतिकशास्त्र ७४, रसायनशास्त्र ७१, गणित ७९, इंग्रजी ६२ आणि पाचवा विषय ८०. बेरीज ३६६, म्हणजे ७३.२ टक्के. पाचशेपैकी ३७५ हवे होते. नऊ गुण कमी. त्याच्या बोर्डाची वरच्या २० पर्सेंटाईलची रेषा तर आणखी वर होती, त्यामुळे तोही मार्ग बंद. या हिशेबात तीन मुख्य विषय, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय धरतात. आपल्या मुलाने इंग्रजीच्या पुस्तकाला वर्षभर हात लावला नव्हता, कारण "भाषा कोण मोजतो" असे त्याला वाटत होते, आणि त्याला तसे वाटू देणाऱ्यांत आम्ही होतो. इंग्रजीत ७१ असते तर काम झाले असते.

त्याचे वडील आमच्यासमोर बसले होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सर, डिसेंबरात कोणी सांगितले असते तर नऊ गुण त्याने आणले असते." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मुलाचे पुढे वाईट झाले नाही. अभियांत्रिकीच्या साधारण प्रवेशाला बारावीच्या मुख्य विषयांत ४५ टक्के पुरतात, आरक्षित वर्गांना ४०. राज्याच्या काऊन्सिलिंगमधून त्याच्या जेईईच्या क्रमांकावर त्याला इंदूरमध्येच एका जुन्या महाविद्यालयात चांगली शाखा मिळाली आणि तो तिथे रमला. पण जे दार त्याने आपल्या मेहनतीने उघडले होते ते नऊ गुणांसाठी बंद झाले. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही आणि विसरूही नये.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. त्याच्या एक वर्ष आधीची, २०२२ ची. आपल्या एका विद्यार्थिनीला बारावीला ६१ टक्के मिळाले. दहावीपर्यंत हिंदी माध्यम, अकरावीत इंग्रजी, आणि परिणाम वर सांगितला तोच. घरी ठरून गेले होते की आता प्रायव्हेट बी.ए.चा फॉर्म भरायचा आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करायची. त्याच वर्षी सीयूईटी ही नवी परीक्षा सुरू झाली होती. तिने ती हिंदीतून दिली आणि दिल्ली विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात इतिहास ऑनर्सला तिला जागा मिळाली. एकच वर्ष आधी हे अशक्य होते. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे बहुतेक पदवी प्रवेश बारावीच्या टक्केवारीवर होत असत आणि त्या वर्षी काही महाविद्यालयांची पहिली यादी चक्क १०० टक्क्यांवर लागली होती. ६१ टक्केवालीने तिकडे पाहिलेही नसते. २०२२ पासून मुख्य यादी सीयूईटीच्या स्कोअरवर लागू लागली. बारावी उत्तीर्ण असणे पुरते, आणि दोघांचा स्कोअर सारखा आला तर मात्र बारावीचे गुण पाहतात.

दोन मुले, दोघांचे टक्के कमी, दोघांचा स्कोअर चांगला. एकाला दार बंद, दुसरीला उघडे. म्हणून "यातला खरा कागद कोणता?" हा प्रश्नच आम्हाला आता चुकीचा वाटतो. दोन्ही कागद खरे आहेत. विचारायचे असे की कोणत्या दारावर कोणता कागद मागतात. आणि हे विचारायची वेळ जून नव्हे, अकरावीचा जुलै.

पालकांनी दारांचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार : जिथे बारावी फक्त उत्तीर्ण हवी आणि बाकी सारे परीक्षेवर. दिल्ली विद्यापीठाचे सांगितलेच. खडकवासल्याच्या एनडीएसाठीही बारावीच्या टक्क्यांची किमान अट नाही. विषयांची अट मात्र आहे, वायुदल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. २०२१ पासून मुलीही ही परीक्षा देतात. महू आपल्या उंबरठ्याशी असून आपल्या शाळेतून इतकी कमी मुले एनडीएची परीक्षा देतात याचे आम्हाला नवल वाटते.

दुसरा प्रकार : जिथे किमान टक्क्यांचा एक उंबरठा आहे, तो ओलांडला की पुढे सारे परीक्षेवर. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के, राखीव वर्गांना ४०. कायद्याच्या क्लॅटसाठी ४५, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. अभियांत्रिकीचे वर सांगितले. एनआयटी आणि आयआयटीचा उंबरठा सर्वांत उंच, ७५ चा. उंबरठा ओलांडल्यावर ७६ आणि ९६ यांच्यात फरक राहत नाही. पण ७४ आणि ७५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तिसरा प्रकार : जिथे अजूनही बारावीच्या गुणांवरच यादी लागते. आपल्या शहरात अशी पुष्कळ महाविद्यालये आहेत. तिथे स्कोअरकार्ड दाखवून उपयोग नाही.

नियम बदलत असतात हेही ध्यानात असू द्या. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होते, २०१७ पासून ते काढले. ७५ ची अट आली, गेली, पुन्हा आली. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या अध्ययनशाळांतील अनेक अभ्यासक्रम २०२२ पासून सीयूईटीवर गेले. मोठ्या भावाच्या वेळचा नियम धाकट्याला लागू पडेलच असे नाही. दरवर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका आणि, अनुभवाने सांगतो, प्राचार्यांच्या सांगण्यावरही जाऊ नका.

"चांगला स्कोअर" म्हणजे काय हेही समजून घ्यावे. पर्सेंटाईल आणि पर्सेंट यांत घोटाळा होतो. जेईई मेनमध्ये ९५ पर्सेंटाईल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. शंभरातले पंच्याण्णव आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षेला दहा लाखांहून अधिक मुले बसतात. म्हणजे पुढे पन्नास हजारांहून अधिक उभी आहेत. हे ऐकून कोणी हिरमुसू नये, पण यादी भरताना हे माहीत असावे. नाहीतर तेलही जाते, तूपही जाते आणि हाती धुपाटणे येते.

काही ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की प्रवेश परीक्षांना एवढे महत्त्व देणेच चूक आहे. शाळेने शाळेचे काम करावे. त्यांचे म्हणणे आम्ही टाकून देत नाही. प्रवेश परीक्षा धुतल्या तांदळासारखी असते असे म्हणायची सोय मध्य प्रदेशात तरी कोणाला नाही. २०१३ मध्ये पीएमटीचा घोटाळा आपल्याच शहरात उघडकीला आला आणि व्यापमं हे नाव देशभर झाले. २०२४ च्या नीटमध्ये पेपर फुटल्याचे प्रकरण झाले, १,५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण रद्द करून त्यांना पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागली. शिवाय कोचिंगची फी ज्याला परवडते त्याला ही परीक्षा सोपी जाते, हेही खरे. पण बोर्डाची परीक्षा सर्वांना सारखी आहे का? ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात आणि ज्याच्या घरी बोलत नाहीत, त्या दोघांची उत्तरपत्रिका सारखी कशी होईल? एका मापात जो मागे पडतो त्याला दुसऱ्या मापाने संधी मिळत असेल तर ती हिरावून घेऊ नये, एवढेच आमचे मत.

आणि शाळेचे काम शाळेने करावे हे तर आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच एक कटू गोष्ट. नाव शाळेत आणि मूल दिवसभर भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये, असा प्रकार आपल्याकडेही सुरू झाला होता. आम्ही दोन वर्षे त्याकडे काणाडोळा केला. यापुढे करणार नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम पाळला जाईल. यात शिक्षा करण्याचा हेतू नाही. सीयूईटीचे विषयांचे पेपर बारावीच्या एनसीईआरटी अभ्यासक्रमावरच येतात, आणि इंग्रजीचे ते नऊ गुण कोचिंगमध्ये मिळणार नव्हते, वर्गातच मिळणार होते.

आता काय करायचे ठरवले आहे ते सांगतो.

अकरावीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थी एक "प्रवेशाची वही" करील. तीन महाविद्यालये किंवा अभ्यासक्रम, प्रत्येकापुढे तीन रकाने : बारावीत किमान किती हवेत, कोणती परीक्षा, कोणते विषय. वर्गशिक्षक दर तिमाहीला वही पाहतील. नवी सूचना आली की ती दोन दिवसांत प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली जाईल आणि फळ्यावर लिहिली जाईल. हे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.

सहामाहीत ज्यांचे टक्के उंबरठ्याच्या आसपास आहेत त्यांच्यासाठी जानेवारीत भाषेचे आणि उत्तर लिहिण्याचे जादा तास होतील. निकालानंतर कमी पडले तर बोर्डाच्या नियमांनुसार गुणसुधार परीक्षेचा मार्ग असतो. त्याची मुदत फार थोडी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत यावे, लाजू नये.

भाषेविषयी आणखी एक. सीयूईटी, नीट आणि जेईई मेन या तिन्ही परीक्षा १३ भाषांत देता येतात आणि त्यांत मराठी व हिंदी दोन्ही आहेत. सीयूईटीत तर मराठी हा भाषेचा विषय म्हणूनही घेता येतो. त्या महाविद्यालयाला तो चालतो का हे आधी पाहावे. "मराठी घेऊन काय मिळणार?" असे विचारणाऱ्या पालकांना हे एक उत्तर आहे, जरी आमच्या मते मराठी शिकायला अशा उत्तराची गरज नसावी.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, परीक्षांच्या अर्जांची फी ज्यांना जड जाते अशा मुलांसाठी एक छोटा निधी. एका मुलाने चार फॉर्म भरले की चार-पाच हजार सहज लागतात, आणि फॉर्मच भरला नाही तर हुशारीचा काय उपयोग? दुसरी, सभागृहाबाहेरच्या गुणवंतांच्या फलकावर वर्षानुवर्षे फक्त बोर्डाचे टक्के रंगवले जातात. त्यावर दुसरा रकाना असावा. ६१ टक्केवाल्या त्या मुलीचे नाव त्या फलकावर नाही. सुटीत ती शाळेत भेटायला आली तेव्हा फलकासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि काही न बोलता आत आली. आम्ही ते खिडकीतून पाहिले.

पालकांना शेवटचे एकच सांगणे. कमी टक्क्यांचा कागद घेऊन मूल घरी येईल तेव्हा त्याला पहिल्यांदा पाणी द्या, जेवू घाला. चार पाहुण्यांसमोर टक्के विचारू नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद घेऊन, मुलाला बरोबर घेऊन, शाळेत या. बाक बाहेर आहेच. आपण मिळून कोणते दार उघडते ते पाहू.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी : स्कोअर चांगला आला म्हणून वर्गाला तुच्छ मानू नका, टक्के कमी आले म्हणून स्वतःला तुच्छ मानू नका. नऊ गुणांची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आम्ही ती आमच्या टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवली आहे, ३६६ आणि ३७५, एकाखाली एक.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
प्राचार्य